रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या सर्व साहेबांना आणि मॅडमना

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात गेली. हजेरीपट, रजेचा हिशेब, सेवापुस्तकातल्या नोंदी, हेच माझं काम. रजेचे अर्ज इतके वाचले की नुसता कारणाचा रकाना पाहून माणूस खरं लिहितोय की नाही याचा अंदाज यायचा. ‘घरगुती कारणासाठी.’ ‘खासगी कामासाठी.’ ‘प्रकृती बरी नसल्याने.’ लांबच्या नात्यातल्या कुणाचं तरी लग्न. शाळांना सुट्ट्या लागल्या की धडधाकट माणसांना नेमका ताप भरायचा. ‘मुलांना आणि आईवडिलांना घेऊन चार दिवस फिरायला जायचं आहे’ असं सरळ लिहिणारा क्वचितच भेटायचा. लिहिलंच कुणी, तर उसने पैसे मागायला आल्यासारखा चेहरा करून तो अर्ज पुढे सरकवायचा.

हा संकोच कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. तो तुमच्या टेबलासमोर उभं राहून शिकावा लागतो. आजारपण म्हटलं की तुम्ही फार खोलात जात नाही. फिरायला जायचंय म्हटलं की मात्र ‘आत्ताच जायला हवं का?’ असं विचारता. दोनतीनदा हा प्रश्न ऐकला की माणूस शहाणा होतो आणि पुढच्या वेळी ताप लिहितो. रजा दोघांनाही माहीत असलेल्या खोट्यावर मंजूर होते आणि सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं.

या पत्रात मी रजा वाढवून मागत नाही. ते काम संघटनांचं, आणि त्या ते करतात. माझं मागणं वेगळं आहे. तारखा लवकर ठरवू द्या, ठरवताना घरातल्या बाकीच्यांच्या सवडीचा विचार होऊ द्या, आणि एकदा ‘हो’ म्हटलंत की त्या दिवसांना हात लावू नका. सहल नीट पार पडणं न पडणं जवळजवळ सगळं यावर असतं. रजा किती दिवसांची, हा प्रश्न त्यानंतरचा.

पगारी रजा ही मेहेरबानी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तरी थोडी उजळणी करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुट्टीचा पहिला करार १९३६ साली केला. वर्षभराच्या नोकरीनंतर निदान ६ कामाचे दिवस, एवढंच त्यात मागितलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना २ आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं सांभाळणारे लेओ लाग्रांज कायदा करून थांबले नाहीत; कामगारांना कुटुंबासह प्रवास करता यावा म्हणून त्यांनी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवून दिली. रजा आहे पण बाहेर पडायची ऐपत नाही, तर ती कसली रजा, एवढा साधा विचार त्यामागे होता. त्या उन्हाळ्यात कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि तो बायकामुलांबरोबर पाहिला.

पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४ आलं: विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टीचा हक्क. १९७० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला करार सुधारला आणि किमान रजा वर्षाला ३ आठवडे केली. रजेचे तुकडे करायचे झाले तर साधारणपणे त्यातला एक तुकडा सलग २ आठवड्यांचा हवा. किमान रजेवर पैसे घेऊन पाणी सोडायचा करार कुणी केला, तरी तो मान्य व्हायचा नाही. आणि, हे माझ्या मुद्द्याचं, तारखा ठरवताना त्या कामगाराशी बोललं पाहिजे. कामाच्या गरजेबरोबर त्याला विश्रांतीची संधी कधी मिळते हेही पाहिलं पाहिजे. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही. अमेरिकेत तर खासगी नोकरीत पगारी रजा द्यायलाच हवी असा देशपातळीवरचा कायदा आजही नाही. पण सहीचं पेन तुमच्या हातात आहे, आणि त्या पेनाला चांगलं वागायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

आता दिवसांच्या हिशेबाबद्दल. वर्षाचे अमुक इतके दिवस दिले की आपली जबाबदारी संपली, असं ज्यांना वाटतं त्यांनी सोव्हिएत संघातला एक प्रयोग मुद्दाम माहीत करून घ्यावा. यंत्रं एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून तिथे १९२९ साली सात दिवसांचा आठवडाच मोडीत काढला आणि पाच दिवसांचा आणला. कामगारांचे पाच गट पाडले, गटागटाला रंग दिले, आणि रोज एका रंगाची सुट्टी. कागदावर कामगाराचा फायदाच होता: आधी सात दिवसांतून एक सुट्टी, आता पाचांतून एक. पण नवरा एका रंगाचा आणि बायको दुसऱ्या रंगाची निघाली की दोघं सुट्टीच्या दिवशी एकमेकांना भेटेनात. मुलं शाळेत, मित्र कामावर. कोण कधी मोकळा असतो हे कळावं म्हणून लोक पत्त्यांच्या वहीत नावापुढे रंग लिहून ठेवू लागले. रिकाम्या घरात एकट्याने सुट्टी काढायची तर तिचं करायचं काय, अशा तक्रारी तिथल्या वर्तमानपत्रांतसुद्धा छापून आल्या. यंत्रांचंही भलं झालं नाही. सतत हात बदलत राहिल्याने त्यांची जबाबदारी कुणावरच राहिली नाही. १९३१ पासून सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये रविवार परत आला.

आता कुणी रंग वाटत नाही. पण ऐनवेळी बदललेली साप्ताहिक सुट्टी, आदल्या रात्री हाती पडणारं शिफ्टचं वेळापत्रक आणि ‘या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात जा ना, काय फरक पडतो?’ हे वाक्य, ही सगळी त्याच रंगांची भावंडं आहेत. फरक पडतो, साहेब. तुमच्या तक्त्यावर हा आठवडा आणि पुढचा आठवडा सारखेच दिसतात. घरी पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झालेली असते.

सुट्टीची गोडी बाकीचेही मोकळे असण्यात आहे, ही केवळ भावनेची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडलेला एक अभ्यास आहे. शनिवार-रविवारी माणसांचा मूड सुधारतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी बेरोजगारांकडेही पाहिलं. ज्यांना सोमवार काय आणि रविवार काय, त्यांचाही मूड शनिवार-रविवारी जवळपास नोकरदारांसारखाच वर जातो आणि सोमवारी उतरतो. कारण त्या दोन दिवसांत घरचे आणि मित्र भेटतात. रिकामा वेळ त्यांच्याकडे आठवडाभर होता. वाटून घ्यायला माणसं नव्हती. स्वीडनमध्ये टेरी हार्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने हेच पाहिलं: एकाच वेळी जितके जास्त लोक रजेवर, तितकी नैराश्यावरच्या औषधांची मागणी कमी. निवृत्त माणसंही त्यातून सुटली नाहीत. ज्यांना रजेचा अर्ज करायचाच नसतो, त्यांचंसुद्धा बरं चाललं, कारण त्यांची मुलं-नातवंडं मोकळी होती.

म्हणून एक लक्षात घ्या. अर्जावर सही एकाची असते, पण त्या तारखेला घरातली चारपाच वेळापत्रकं टेकलेली असतात. मुलीची परीक्षा संपलेली हवी. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या कचेरीत त्याच दिवसांची रजा मिळायला हवी, म्हणजे तिथे तुमच्यासारखाच आणखी एक साहेब आहे. वडिलांची डोळ्यांची तपासणी त्याच्या आधी उरकायला हवी. दुसऱ्या गावच्या भावाने त्याच्या शिफ्टची कुणाशी तरी अदलाबदल केलेली असते आणि त्या माणसाचं देणं त्याच्यावर बसलेलं असतं. रात्री जेवणं झाल्यावर फोनवर फोन करून हे सगळं जुळवतात. दोन तारखा बाद होतात, तिसऱ्या तारखेवर सगळ्यांचं एकमत होतं, आणि ती तारीख सकाळी तुमच्यासमोर येते. तुम्ही ती चार दिवसांनी पुढे ढकलता. तुमच्या दृष्टीने तुम्ही नकार दिलेलाच नसतो.

काही देशांच्या कायद्यांनी हे नीट ओळखलं आहे. फ्रान्समध्ये नवराबायको एकाच कंपनीत नोकरीला असतील तर एकाच वेळी रजा घेणं हा त्यांचा हक्क आहे, आणि रजा सुरू व्हायला महिन्याहून कमी दिवस उरले असतील तर अपवादात्मक कारणाशिवाय मालकाला तारखा बदलता येत नाहीत. स्वीडनमध्ये वेगळं काही ठरलेलं नसेल तर जून ते ऑगस्ट या काळात सलग ४ आठवडे रजा मिळायला हवी, आणि तारखा मालकाने ठरवल्या तर त्या साधारणपणे २ महिने आधी सांगायला हव्यात. ४ आठवडे सगळ्यांना झेपतील असं मी म्हणत नाही. पण २ महिने आधी सांगायला काय लागतं? पैसा लागत नाही, जादा माणूस लागत नाही. फक्त ठरवावं लागतं, आणि ठरवणं हाच तुमचा हुद्दा आहे.

लवकर सांगण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो कुठल्याही हिशेबात धरला जात नाही. वाट पाहणं. यरून नाविन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात होती, ती जाण्याच्या आधी. परत आल्यावर दोघांत फारसा फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली तेवढेच काही काळ पुढे राहिले. रजेनंतर तरतरी टिकते किती, यावरचे बाकीचे अभ्यासही असंच सांगतात: कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बहुतेकांचं सगळं पूर्वपदावर येतं. काही जण यावरून ‘मग रजेचा उपयोग काय?’ असा निष्कर्ष काढतील. मी उलटा काढतो. सुट्टीचा मोठा हिस्सा जाण्याआधी उपभोगला जातो, तर आदल्या दिवशी संध्याकाळी रजा मंजूर करणारा साहेब तो हिस्सा परस्पर कापून घेतो.

हा हिस्सा कसा असतो ते ज्यांच्या घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस आहे त्यांना विचारा. मूल दिनदर्शिकेवर फुल्या मारत असतं. आजी आठवडाभर आधी पिशवी भरायला घेते. तिच्या गोळ्यांच्या पुड्या दिवसांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात, वर एक दिवसाच्या जास्तीच्या. शाल आत जाते, बाहेर येते, परत आत जाते. संध्याकाळी सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच प्रश्न: ‘तिकडे थंडी असते का गं?’ कालही विचारलेलं असतं, उद्याही विचारणार. तिला उत्तर नको असतं, विषय हवा असतो. रजा ऐनवेळी मिळते तेव्हा यातलं काहीच होत नाही. तिकिटं मिळत नाहीत, मिळाली तर महाग, राहायची जागा कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. मग आजीच म्हणते, ‘तुम्ही जा रे, मी राहते घरी.’ ती रागावलेली नसते. तिला खरोखरच एका रात्रीत तयारी जमत नाही.

आणि तिथे गेल्यावर विशेष असं काय घडतं, म्हणाल तर बहुतेक वेळ काहीच नाही. घरात आपण एकमेकांशी कामापुरतं बोलतो: बिल भरलंस का, क्लासला उशीर होतोय, गॅस संपत आलाय. बाहेर पडल्यावर ही कामं मागे राहतात आणि पहिला दिवसभर कुणाला काही बोलायलाच सुचत नाही. दुसऱ्या दिवशी भांडण होतं. खिडकीवरून, उशिरा उठण्यावरून, कुणी काय विसरलं त्यावरून. मी याला अपशकुन मानत नाही, ते अंग मोकळं होणं आहे. नंतर कधीतरी, गाडीत सगळ्यांची तोंडं पुढे असताना, मागच्या सीटवरचा मुलगा वर्गातल्या कुणाविषयी तरी काहीतरी सांगून टाकतो, जे घरी समोरासमोर बसवून विचारलं असतं तर मेलं तरी सांगितलं नसतं. वडिलांच्या चालीने चालायचं ठरवलं की ते मध्येच थांबून आपल्या पहिल्या नोकरीबद्दल बोलायला लागतात. तुम्ही त्यांचा मुलगा असून हे कधी ऐकलेलं नसतं, कारण तुम्ही इतकं हळू कधी चाललेलाच नसता.

यातलं काहीही ठरवून होत नाही. कामातून खास तासभर काढून तो मुलांना द्यावा, आकडा छोटा असला तरी दर्जा उत्तम हवा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी चौदा वर्षांच्या मुलासमोर तो तासभर बसून पाहावा. तो तास मुलगा ‘हं’ आणि ‘माहीत नाही’ यांत काढतो. बोलायची वेळ त्याची तो निवडतो, आणि आपण त्या वेळी तिथे असावं लागतं, एवढंच. त्यासाठी बराच फुकटचा वेळ लागतो. असा वेळ सलग रजेतच मिळतो, म्हणून सलग रजेचे तुकडे करायला निघालेल्या साहेबाला माझा विरोध आहे.

दूरची सहल प्रत्येकाला परवडत नाही, हेही खरं. परवडायला हवीच असंही नाही. सकाळी निघून रात्री परत येण्याने, डबा बांधून कुठेतरी झाडाखाली बसण्यानेही तेच साधतं. अशा लहान सुट्ट्यांसाठी तर तुम्हाला जवळजवळ काहीच करावं लागत नाही. लागून आलेल्या दोन सुट्ट्यांच्या मधला दिवस द्या. मुलांच्या निकालाच्या दिवशी अर्धा दिवस सोडा. शुक्रवारी चार वाजता निघणाऱ्याकडे बघून घड्याळाकडे बघू नका.

आता फोनबद्दल, कारण रजा मंजूर करून परत घेण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग झाला आहे. संध्याकाळची वेळ. चटईवर पत्ते वाटून झालेत, धाकटीच्या हातात पाने मावत नाहीत म्हणून तिने ती मांडीवर लपवली आहेत, पहिली उतारी व्हायची आहे. फोन वाजतो. ‘तू रजेवर आहेस माहीत आहे, पण एकच मिनिट.’ माणूस आपली पानं पालथी ठेवून उठतो, दुसऱ्या कानात बोट घालून कठड्यापाशी जातो. फाईल कुठे आहे ते सांगतो. मग ती सापडत नाही म्हणून परत सांगतो. मग ‘आता बोलतोच आहोस तर’ असं म्हणून दुसरा विषय निघतो. इकडे मोठी तिच्या फोनमध्ये शिरलेली असते, आजोबांना झोप यायला लागलेली असते, धाकटी बाबांची पानं बघून घेते आणि कुणी तिला ओरडत नाही. तो परत येतो, ‘हं, कुणाची उतारी?’ म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास त्याच्या डोक्यात फाईलच असते. तुमच्या लेखी ते एक मिनिट होतं. शिवाय ते पाच जणांचं होतं, हे तुम्ही धरलंच नाही.

यावर उपाय नाही असं म्हणू नका. जर्मनीतल्या डाइमलर कंपनीने २०१४ च्या सुमारास अशी सोय केली की रजेवरच्या माणसाला आलेला ईमेल हवा तर आपोआप पुसला जाईल आणि पाठवणाऱ्याला पर्यायी माणसाचं नाव कळेल. परत आल्यावर ढीग उपसायलाच नको. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्काविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये असेच कायदे केले. तुम्हाला एवढं मोठं काही करायला नको. रजेच्या आदेशातच बदली माणसाचं नाव लिहा. जाण्याआधी तासभर कामाची सोपवणी लेखी होऊ द्या. तेवढ्या दिवसांपुरतं त्याला कचेरीच्या ग्रुपमधून बाहेर काढा, आणि फोन करायचाच झाला तर तो एकाच माणसाने करायचा, तो माणूस तुम्ही. मी पाहिलं आहे, स्वतः फोन करावा लागणार असेल तर साहेबांना फाईल आपोआप सापडते.

कामं अडतात, हे तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रुग्णालय, वीज, रेल्वे, अग्निशमन इथे सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, आणि सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा काही माणसांच्या कामाला ऊत येतो. अशांना सणासुदीला घरी राहा असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या बाबतीत लवकर सांगण्याचं महत्त्व दुप्पट होतं. मोठ्या सुट्टीत कोण राबणार हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, गेल्या वर्षी राबला त्याला यंदा पहिली निवड द्या, आणि कुणाचं घर दूर असेल तर त्याच्या साप्ताहिक सुट्ट्या जोडून द्या. एक पथ्य मात्र पाळा. मुलंबाळं नसलेल्यांना, लग्न न झालेल्यांना ‘तुला काय, तू थांब’ म्हणून दर वेळी मागे ठेवू नका. त्यांनाही आईवडील आहेत, भाचरं आहेत, आजारी मावशी आहे. कुटुंब मोजायला तुम्हाला कुणी नेमलेलं नाही.

तुमच्यातले काही जण ‘अख्ख्या वर्षात एकही रजा नाही’ म्हणून एखाद्याचं भर बैठकीत कौतुक करतात. आस्थापनेतल्या माणसाला असं कौतुक ऐकलं की चिंता वाटते. बँकांच्या जगात तर जोखमीच्या जागेवरच्या माणसाने वर्षातून सलग २ आठवडे टेबलापासून दूर राहावं, असा शिरस्ता मुद्दाम ठेवतात, कारण लपवलेली गोष्ट तो नसतानाच बाहेर येते. फ्रान्समधल्या सोसिएते जेनेराल बँकेला २००८ साली जवळपास ५ अब्ज युरोंचा फटका बसला, त्या प्रकरणातला कर्मचारी रजा फारशी घेतच नसे. सगळेच काही घोटाळे करत नसतात, मान्य. पण ज्याच्यावाचून आठ दिवस काम चालत नाही, त्याच्या साहेबाने काम नीट लावून दिलेलं नाही, एवढं नक्की.

शेवटी तुमच्याविषयी. रजेचे नियम हाताखालची माणसं परिपत्रकातून वाचत नाहीत, तुमच्याकडे बघून शिकतात. तुम्ही रजेवर जाऊन रात्री अकराला ईमेल टाकलात की ‘मी रजेवर असताना फोन करू नका’ म्हणायचा धीर तुमच्या खात्यात पुढची पाच वर्षं कुणाला होत नाही. साहेबांच्याच रजा सगळ्यात जास्त शिल्लक राहतात, हे माझ्या रजिस्टरने मला दाखवलं आहे. त्यांच्याही घरी कुणीतरी पिशवी भरून परत रिकामी केलेली असणार.

तेव्हा वर्ष सुरू होताना एक मोठा कागद भिंतीवर लावा, बारा महिन्यांचा. ज्याला जेव्हा जायचं त्याने तिथे नाव घालावं, जिथे गर्दी होईल तिथे तुम्ही बसून तोडगा काढावा, आणि महिनाअखेरीस तो कागद पक्का व्हावा. पहिलं नाव तुमचं असू द्या. फक्त तारखा टाकण्याआधी घरी विचारून घ्या.

कळावे,
आपला,
आस्थापना विभागातला एक निवृत्त कर्मचारी